सुरुंगाची वही

एप्रिल १७००. औरंगजेब बादशहा साताऱ्याच्या किल्ल्याखाली स्वतः तळ देऊन बसला होता. वेढ्याला चार महिने होऊन गेले, तरी किल्ला हाती येईना. शेवटी तटाखाली दोन भुयारे खणून त्यांत दारू ठासली गेली. पहिला सुरुंग उडाला तेव्हा तटाचा भाग आतल्या अंगाला कोसळला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले. दैव बलवत्तर म्हणून ते जिवंत बाहेर निघाले. दुसरा सुरुंग मात्र उलटला. तट बाहेरच्या अंगाला ढासळला आणि हल्ल्याच्या तयारीने खाली दाटीवाटीने उभे असलेले मोगलांचेच सुमारे दोन हजार लोक त्याखाली चिरडले गेले.

ही हकीकत आपण कोणी शौर्याची म्हणून वाचतो, कोणी दैवाची म्हणून. खाणीच्या धंद्यातला जाणता माणूस ती वेगळ्या तऱ्हेने वाचील. तो विचारील, त्या ठिकाणी तटाची जाडी किती होती? दारू किती मण भरली? पहिल्या सुरुंगाने शेजारचा भाग सैल झाला होता का, हे कोणी पाहिले होते का? स्फोटाच्या जोराला आपला-परका कळत नाही. ज्या बाजूला अडथळा कमी, त्या बाजूला तो जातो. ती बाजू कोणती हे वात पेटवण्याआधी ज्याला ठाऊक असते त्याचा सुरुंग कामाचा; बाकीच्यांचा नशिबाचा.

त्या घटनेला तीनशे वर्षे उलटून गेली. १८६७ साली आल्फ्रेड नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले. नायट्रोग्लिसरीनची स्फोटके आपल्या देशात २००४ पासून बंद झाली आणि त्यांची जागा पाणीदार लगदा किंवा इमल्शनच्या स्वरूपातील स्फोटकांनी घेतली. खाणीवरचा कामगार मात्र अजून 'जिलेटिनची कांडी' असेच म्हणतो. वातीच्या जागी मिलिसेकंदाच्या हिशेबाने उडणारे डिटोनेटर आले. एवढे सगळे बदलले, पण साताऱ्याच्या तटाखालचा प्रश्न बदललेला नाही. आमच्या सिंधुदुर्गात तो दगडाच्या खाणीखाणीतून आजही विचारावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर कोणी लिहून ठेवत नाही.

दगडाचा जिल्हा

कोकणी माणसाचे दगडाशी नाते जुने आहे. घर चिऱ्याचे, गडगा चिऱ्याचा, विहीर कातळात खणलेली. जांभा चिरा यंत्राच्या पात्याने कापून काढतात. त्याला सुरुंग लागत नाही. रेडीच्या बाजूच्या लोहखनिजाचाही बराच भाग मऊ, त्यामुळे तेथे बरेचसे काम यंत्राच्या नखांनी भागते. सुरुंग लागतो तो काळ्या दगडाला. रस्त्याची खडी, धरणाचे डबर, बंदराच्या बंधाऱ्याचे मोठे धोंडे हे सगळे काळ्या दगडातून येते. कोकण रेल्वेची कंपनी १९९० साली स्थापन झाली आणि १९९८ च्या जानेवारीत सबंध मार्ग खुला झाला. त्या मार्गावर ९१ बोगदे आहेत. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा सर्वांत लांब. कठीण खडकातले बोगदे भोके पाडून, सुरुंग लावूनच पुढे सरकले. त्या काळात कणकवलीपासून सावंतवाडीपर्यंतच्या गावांना सुरुंगाच्या आवाजाची सवय होऊन गेली होती. पुढे मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाने खडीची मागणी पुन्हा वाढवली.

सुरुंगाचा आवाज आला की खाणीजवळच्या गावात सगळे पाच-दहा सेकंद थांबते. मांडणीवरची भांडी किणकिणतात, कौलांवरून माती झडते, गोठ्यातले गुरू कान टवकारते. मग बोलणे पुढे सुरू होते. असे वर्षानुवर्षे चालते, आणि एक दिवस भिंतीवरची भेग दाखवत गावकरी पंचायतीत येतात. खाणमालक म्हणतो, भेग पावसाने पडली. गावकरी म्हणतात, तुझ्या सुरुंगाने पडली. तलाठी पंचनामा करतो. मालवणी मुलखात अशा वेळी ऐकू येणारे गाऱ्हाणे साधे असते: "घर हालता ता कळता, पण कागदार ता दिसणा नाय."

कागदावर दिसत नाही, हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

माझा हयातीतला मोठा काळ बँकेत गेला. खाणवाल्यांच्या कर्जाची प्रकरणे हाताखालून गेली. कंप्रेसर, जॅकहॅमर, क्रशर, डंपर तारण म्हणून लिहून घेतले, खाणींवर तपासणीला गेलो. एक गोष्ट तेव्हापासून मनात आहे. स्फोटकांचा साठा हा देशातला अतिशय काटेकोर हिशेबाचा माल आहे. १८८४ चा कायदा, २००८ ची नियमावली आणि नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना यांच्या नजरेखाली कांडी किती आली, किती गेली, शिल्लक किती, हे रजिस्टरात लिहावेच लागते. ते योग्यच आहे. कांडी भलत्या हाती गेली तर काय होते ते मुंबईने पाहिले आहे. पण ती कांडी भोकात गेल्यावर तिने काय केले, याची नोंद छोट्या खाणीत क्वचितच असते. कर्ज दिले त्याची नोंद आहे, त्या पैशाचे काय झाले याची नाही, असाच हा प्रकार.

दीड मीटरचे एक भोक

नोंद कशाची ठेवायची हे कळायला एका भोकाचा हिशेब पुरे. छोट्या खाणीतले जॅकहॅमरने पाडलेले भोक घ्या. खोली दीड मीटर. समोरच्या मोकळ्या कड्यापासून भोकापर्यंतचे अंतर एक मीटर. याला खाणवाले 'बर्डन' म्हणतात, म्हणजे सुरुंगाने ढकलायचे ओझे. शेजारच्या भोकापर्यंतचे अंतर, म्हणजे 'स्पेसिंग', १.२ मीटर. तिन्हींचा गुणाकार केला की १.८ घनमीटर. एका भोकाने एवढा दगड फोडायचा, आणि त्या मानाने आत स्फोटक भरायचे. वरचा भाग खडीच्या बारीक चुऱ्याने ठासून बंद करायचा, म्हणजे जोर तोंडातून निघून जाणार नाही.

आता कडा वेडावाकडा आहे. मागच्या सुरुंगाने एका ठिकाणी जास्त दगड निघून गेला आहे आणि तेथे बर्डन एक मीटरऐवजी ०.६ मीटर उरले आहे. दगड झाला १.०८ घनमीटर. भरणाऱ्याने ते मोजले नाही आणि नेहमीइतकेच स्फोटक भरले. ठरवलेल्या दगडाच्या साठ टक्केच दगडावर आता पूर्ण जोर येणार. उरलेला जोर दगड हवेत भिरकावण्यात खर्च होतो. उघड्या खाणीत शेकडो मीटरचा परिसर धोक्याचा मानून मोकळा करतात तो याच भिरकावलेल्या दगडासाठी.

उलटही होते. बर्डन दीड मीटर निघाले तर तेवढ्या स्फोटकाने दगड जागचा हलत नाही. मग जोर जमिनीत शिरतो आणि खडकातून कंप होऊन गावाकडे जातो. दगड न फुटता घरे मात्र हादरतात. म्हणजे ज्या सुरुंगाने मालकाचे नुकसान होते त्याच सुरुंगाने शेजाऱ्याचेही होते. मालक आणि गाव यांचे हित या एका जागी सारखे आहे, हे दोघांच्याही सहसा लक्षात येत नाही.

भोकाच्या आत काय आहे ही तिसरी गोष्ट. ती फक्त भोक पाडणाऱ्याला कळते. पहार अचानक भसकन खाली गेली, करड्या भुकटीच्या जागी तांबडी माती वर आली, हवा कुठूनतरी निसटू लागली की तो ओळखतो की इथे चीर आहे, मातीचा पट्टा आहे. वडार समाजातल्या जुन्या दगडफोड्यांना तर घणाच्या आवाजावरून दगडाची नस कळत असे. ही शतकांची जमवलेली माहितीच होती. फरक एवढाच, की ती माणसाबरोबर यायची आणि माणसाबरोबर जायची. आजच्या खाणीत भोके पाडणारा एक, स्फोटक भरणारा दुसरा, वात देणारा परवानाधारक तिसरा. पहिल्याला कळलेली तांबडी माती तिसऱ्यापर्यंत पोचत नाही. भरणारा मऊ पट्ट्याच्या जागीही तेवढेच भरतो आणि जोर तेथून फुटून बाहेर पडतो.

ज्याला आज भारी शब्दात 'डेटा मॅनेजमेंट' म्हणतात ते मुळात एवढेच आहे. पहिल्याला कळलेले तिसऱ्याला कळले पाहिजे, आणि आज कळलेले पुढच्या महिन्यात हाताशी असले पाहिजे. भोक क्रमांक सात, नव्वद सेंटिमीटरवर माती लागली, वीस सेंटिमीटर पट्टा: ही एक ओळ जर चिठ्ठीवर आली तर भरणारा त्या जागी स्फोटकाऐवजी चुरा ठासतो. ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो.

या नोंदीवर माणसाचा जीवही अवलंबून असतो. कधी एखादे भोक उडत नाही. दगडाच्या ढिगाखाली ते तसेच राहते. दुसऱ्या दिवशी नवी पाळी येते आणि त्याच जागी ड्रिल लावते. जुन्या भोकाच्या तळात पुन्हा भोक पाडू नये हा खाणीतला पहिला धडा आहे, पण ते भोक कुठे आहे हे ज्याने पाहिले तो घरी झोपलेला असतो. त्याने नकाशावर एक फुली मारून ठेवली असती तर, हे वाक्य अपघातानंतर बोलण्यात काही अर्थ नसतो.

योजलेले आणि झालेले

बँकेत शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे ताळा. जे व्हायला हवे ते एका बाजूला, जे झाले ते दुसऱ्या बाजूला, आणि फरकाचे कारण शोधल्याशिवाय घरी जायचे नाही. मोठ्या खाणींनी गेल्या काही दशकांत नेमके हेच केले. आराखड्यात भोक जेथे दाखवले तेथेच पडले का, हे उपग्रहाच्या मदतीने यंत्र सांगते. खोली किती ठरली होती, किती पडली. यंत्राला किती दाब लागला, किती वेगाने ते आत गेले. पाते कुठे भसकन सुटले, हे ड्रिलमधल्या उपकरणात आपोआप नोंदले जाते. वडाराच्या कानाचे काम यंत्राने घेतले म्हणा ना. प्रत्येक भोकात किती किलो गेले ते स्फोटक भरणाऱ्या गाडीवरचे मीटर सांगते. स्फोटानंतर ढिगाचे फोटो घेऊन तुकड्यांचा आकार मोजतात.

दगडाचे तुकडे केवढे होतील याचे गणित रशियातील कुझनेत्सोव्ह यांनी १९७३ साली मांडले आणि दक्षिण आफ्रिकेतील कनिंगहॅम यांनी १९८३ साली ते खाणीत वापरण्याजोगे केले. पण त्यात घालायचे खडकाचे आकडे पुस्तकात मिळत नाहीत. ते त्या त्या खाणीच्या मागल्या सुरुंगांतून काढावे लागतात. ज्याच्याजवळ मागली वही नाही त्याला हे गणित निरुपयोगी आहे.

या खटाटोपाचा फायदा कुठे होतो? सुरुंगाच्या जागी नव्हे, पुढे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात खाणीपासून गिरणीपर्यंतचा सगळा खर्च एकत्र मांडला. स्फोटकावर थोडा जास्त खर्च केला तर पुढे दगड भरडण्या-दळण्याची वीज वाचते, हे त्यातून पुढे आले. आमच्या खडीच्या क्रशरलाही हे लागू आहे. मोठे धोंडे निघाले की ते पुन्हा फोडावे लागतात. पोकलेनला तोडणी यंत्र लावा, डिझेल जाळा, नाहीतर त्या धोंड्यावर छोटी भोके पाडून दुसरा सुरुंग लावा. हा दुसरा सुरुंग दगड भिरकावण्यात अधिक धोक्याचा. स्फोटकात वाचवलेले पैसे क्रशरच्या जबड्यात जातात. पण दोन खर्च दोन वेगळ्या वह्यांत असल्यामुळे मालकाला ते दिसत नाहीत.

आपल्या राज्यात चंद्रपूर-वणीच्या कोळसा खाणी, भंडारा जिल्ह्यातली डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण अशा ठिकाणी सुरुंगाची कामे अभियंत्यांच्या हाती असतात. एकदाच संधी मिळणारा सुरुंग कसा लावतात याचे उदाहरण तर आपल्या सह्याद्रीतच आहे. १३ मार्च १९९९ आणि २५ एप्रिल २०१२ या दोन दिवशी कोयनेच्या जलाशयाच्या तळाशी खालून बोगदा आणून शेवटचा खडक उडवण्यात आला. वर भरलेले धरण, खाली मोकळे भुयार. चुकले तर दुरुस्तीला जागा नाही. स्फोट झाला काही क्षणांत, पण त्याआधी तो खडक भोके पाडून, तपासून, मोजून अक्षरशः पाठ केलेला होता. मोजण्याची शिस्त आपल्याला येत नाही असे नाही. जेथे धरण पणाला लागते तेथे ती येते. जेथे कुणाचे कौलारू घर पणाला लागते तेथे ती येत नाही.

भेगेचा न्याय

गावकऱ्याच्या भिंतीकडे पुन्हा येऊ. सुरुंगाचा कंप गावात किती पोचेल, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. एक, अंतर. दुसरी, एका क्षणी एकदम उडणारे स्फोटक. एकूण किती उडवले यापेक्षा एकदम किती उडवले याला महत्त्व आहे. तज्ज्ञ अंतराला त्या वजनाच्या वर्गमुळाने भागतात. घर २५० मीटरवर असेल आणि १०० किलो एकदम उडवले, तर २५० भागिले १०, म्हणजे २५. तेच १०० किलो पंचवीस-पंचवीस किलोंच्या चार टप्प्यांत, मध्ये काही मिलिसेकंद सोडून उडवले, तर २५० भागिले ५, म्हणजे ५०. हा आकडा दुप्पट झाला की नेहमीच्या खडकात कंप सुमारे एक तृतीयांशावर येतो. कानाला दोन्ही स्फोट सारखेच वाटतील. भिंतीला फरक कळतो.

'नेहमीच्या खडकात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कंप किती वेगाने विरतो हे प्रत्येक ठिकाणच्या खडकावर अवलंबून असते, आणि आमच्या जिल्ह्यात खडक तालुक्यागणिक बदलतो. देवगड-वैभववाडीकडे सह्याद्रीचा काळा बसाल्ट, कुडाळ-मालवणच्या पट्ट्यात त्याहून कितीतरी प्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस, मध्येच गारगोटीचे कठीण पट्टे, आणि या सगळ्यावर जांभ्याची टोपी. नागपूरकडच्या खाणीत काढलेला आकडा येथे चालणार नाही. तो येथेच, दहा-वीस-तीस सुरुंगांचे कंप मोजून, कागदावर बिंदू मांडून काढावा लागतो. पहिल्या सुरुंगाला तो ठाऊक नसतो, तिसाव्याला असतो. मात्र मधले एकोणतीस लिहिलेले हवेत.

किती कंप चालेल याच्या मर्यादा खाण सुरक्षा महानिदेशालयाने १९९७ च्या परिपत्रकात ठरवून दिल्या. खाणीच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घरांसाठी कंपाची वारंवारता सेकंदाला आठपेक्षा कमी असेल तर वेग सेकंदाला ५ मिलिमीटर, आठ ते पंचवीसच्या दरम्यान १०, त्यावर १५. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी याच तीन पायऱ्यांना २, ५ आणि १० मिलिमीटर. मंद कंपाला मर्यादा कडक, कारण साध्या घराची स्वतःची डोलण्याची गती त्याच्या जवळपास असते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला तर तो वाढत जातो, तसे घराचे होते.

आता न्यायाची अडचण पाहा. माणसाला सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी कंप जाणवतो. म्हणजे घर हलल्याचे कळणे आणि घराला इजा होणे यांत बरेच अंतर आहे. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने १९८० साली घरांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ऊन, थंडी आणि दमट हवा यांनीसुद्धा भिंती हलतात आणि भेगा पडतात, हे त्यातून स्पष्ट झाले. आमच्याकडे तर चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मातीत रचलेला चिरा पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. तेव्हा खाणमालक 'पावसाने पडली' म्हणतो त्यात दरवेळी खोटेपणा असतोच असे नाही. आणि गावकरी 'सुरुंगाने पडली' म्हणतो तेव्हा त्याचे म्हणणे खोडून काढायलाही कोणाजवळ काही नसते. दोघांचेही सत्य नोंदीअभावी अडून राहते. मग निकाल लागतो तो ज्याचा आवाज मोठा किंवा ओळख वरची, त्याच्या बाजूने. तो बहुधा गावकरी नसतो.

एकाच शाईची पाने

नोंद ठेवा म्हणणे सोपे आहे. खोटी नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट. बँकेतल्या तपासणीच्या वेळी आकडे वाचण्याआधी आम्ही पान पाहायचो. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच ठेवणीच्या अक्षरात, एकही खाडाखोड नाही, म्हणजे पान एका बैठकीत लिहिले आहे. सुरुंगाच्या वहीचेही तसेच. प्रत्येक भोक बरोबर दीड मीटर, प्रत्येक बर्डन बरोबर एक मीटर, प्रत्येक ठासणी सारखी, असे पान दिसले की समजावे, भोकात फूटपट्टी गेलेली नाही. खरा कातळ असा सरळ वागत नाही. १.४२, १.५५, १.३०, एका भोकात पाणी, एक सोडून दिले: असे ओबडधोबड पान खरे. हीच गोष्ट संगणकाला लागू आहे. पडद्यावर आल्याने आकडा खरा होत नाही. तो मोजणाऱ्याने मोजलेला असावा लागतो. आणि खरे लिहिल्याबद्दल मुकादमाला बोलणी बसणार असतील तर तो दीड मीटरच लिहील.

कायद्याने छोट्या खाणींकडे फार काळ थोडे दुर्लक्षच केले. १९५२ च्या खाण कायद्यात अशी सवलत होती की चिरा, इमारतीचा दगड, खडी यांसारख्या खाणी सहा मीटरपेक्षा खोल नसतील, पन्नासपेक्षा जास्त माणसे नसतील आणि स्फोटके वापरत नसतील तर बहुतेक तरतुदी त्यांना लागू होणार नाहीत. शेवटची अट नीट वाचण्यासारखी आहे. पहिला सुरुंग लागला की ती खाण, केवढीही छोटी असो, कायद्याच्या कक्षेत येत होती. सुरुंगाने खाणीची जातच बदलते, हे कायदा करणाऱ्यांना कळले होते.

मग छोट्या खाणीने काय करावे? उपग्रह आणि मीटरची गाडी तिला परवडणार नाही, आणि तिची गरजही नाही. प्रत्येक सुरुंगाला एक पान पुरे. तारीख, वेळ, भोकांचा हाताने काढलेला नकाशा. प्रत्येक भोकाची मोजलेली खोली आणि बर्डन. कुठे माती, कुठे पाणी. किती स्फोटक, किती ठासणी, कोणते भोक कितव्या क्षणी. एकही भोक न उडता राहिले का आणि कुठे. धोंडे किती निघाले. दगड किती लांब गेला. सुरुंगाआधीचा आणि नंतरचा मोबाइलवरचा एकेक फोटो. कंप मोजणारे उपकरण एकट्याला महाग असेल तर तालुक्यातल्या खाणवाल्यांनी मिळून घ्यावे. सहकाराच्या महाराष्ट्रात ही कल्पना कुणाला समजावून सांगायला नको. उपकरण खाणीत नव्हे, जवळच्या घराशी ठेवावे. आणि पानाची एक प्रत ग्रामपंचायतीत जावी.

खाण सुरू होण्यापूर्वी आसपासच्या घरांच्या भिंतींचे फोटो घरमालकाच्या सहीने आणि तारखेने काढून ठेवावेत. जुन्या भेगेला खडूने टोके आखावीत. वर्षानंतर ती टोकांच्या पुढे गेली की नाही हे शाळकरी पोरही सांगेल. कर्ज देणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. क्रशरचा विमा मागता, तशी सुरुंगाची वहीही मागा. ज्या खाणीची वही नीट, त्या खाणीचे कर्ज बुडण्याची भीती कमी. कारण जो भोक मोजतो तो डिझेलही मोजतो.

एक गोष्ट मात्र वहीकडून मागू नये. एखादा डोंगर फोडावा की राखावा, हा प्रश्न तिच्याने सुटत नाही. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे येथे खाणीतले साचलेले पाणी बांध फोडून बाहेर आले आणि चिखल बागायतीत शिरला. तेथे सुरुंगाचा दोष नव्हता; पण ज्यांच्या बागांत तो चिखल गेला त्यांना मिलिसेकंदांचे गणित सांगून समाधान होणार नाही. खाण हवी की नको, हा गावाचा, झऱ्यांचा, पुढच्या पिढ्यांचा प्रश्न आहे आणि तो त्याच पातळीवर सोडवावा लागतो. वही एवढेच सांगते की जो दगड फोडायचे ठरले आहे तो कमी स्फोटकात, कमी धोक्यात आणि शेजाऱ्याची भिंत राखून फोडता येतो. आणि नाही राखली, तर ते लपवता येत नाही.

हे दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते. सुरुंग उडतो तो एका सेकंदात. धूर विरतो, आवाज समुद्राकडे निघून जातो, दगड खडी होऊन रस्त्याखाली जातो. मागे फक्त दोन पुरावे उरतात: गावकऱ्याच्या भिंतीवरची भेग आणि खाणीच्या वहीतले पान. आज पहिला पुरावा एकटाच उभा आहे, म्हणून त्याचे कोणी ऐकत नाही.